विज्ञान अकादमीचा रस्ता: समर फेलोशिपच्या अर्जापासून फेलोच्या नामांकनापर्यंत

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक सर होते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींत, जिथे ऊस पिवळा पडतो आणि मातीवर पांढरा थर साचतो, तिथल्या बुरशींवर त्यांनी जवळजवळ तीस वर्षं काम केलं. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन सूक्ष्मदर्शक आणि स्वतःच्या पैशानं घेतलेला एक जुना इन्क्युबेटर. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज विचारलं, “सर, तुम्ही अकादमीच्या फेलोशिपसाठी अर्ज का नाही करत?” सर म्हणाले, “अहो, त्याचा अर्ज नसतो. नाव दुसऱ्यानं सुचवायचं असतं.” मग सुचवायचं कुणी, कधी, कोणत्या कागदांवर, हे तिथे बसलेल्या आम्हा सात जणांपैकी एकालाही सांगता येईना.

पुढची तीन वर्षं मी ते शोधण्यात घालवली. त्याआधी विद्यार्थिनी असताना समर फेलोशिप, नंतर शिक्षिका म्हणून रिफ्रेशर कोर्स, मग आमच्या कॉलेजात भरवलेली व्याख्यान-कार्यशाळा अशा वेगवेगळ्या निमित्तांनी मी या विज्ञान अकादम्यांच्या, म्हणजे वैज्ञानिकांच्या राष्ट्रीय संस्थांच्या, संपर्कात आले होते. पण या सगळ्या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मोठ्या संशोधन संस्थांतल्या मुलांच्या कानावर हे आपोआप पडत असतं, कारण शेजारच्याच खोलीत एखादे फेलो, म्हणजे अकादमीनं निवडलेले सदस्य वैज्ञानिक, बसलेले असतात. तालुक्याच्या कॉलेजात ते कुणी सांगत नाही. चांगलं काम अकादमीपर्यंत आपसूक पोचत नाही, ते कुणीतरी नेऊन पोचवावं लागतं. ते कसं, हे मला जसं समजलं तसं इथे लिहिते आहे.

१. आधी कोणती अकादमी ते नीट ओळखा

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरच्या विज्ञान अकादम्या एक नाही, तीन आहेत. तिघींची नावं इतकी सारखी आहेत की पहिल्या वर्षी मी चुकीच्या अकादमीचा फॉर्म भरायला घेतला होता.

सगळ्यात जुनी प्रयागराजची. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९३० साली ती अलाहाबादला सुरू केली. आज तिचं नाव नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया. बोलताना सगळे ‘नासी’ म्हणतात. दुसरी बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली. तिसरी दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी, म्हणजे ‘इन्सा’. ती जानेवारी १९३५ मध्ये कलकत्त्याला वेगळ्या नावानं सुरू झाली, पुढे दिल्लीला आली आणि आजचं नाव तिला १९७० साली मिळालं.

तीन का झाल्या याची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. जानेवारी १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान परिषदेचे (इंडियन सायन्स काँग्रेसचे) अध्यक्ष साहा होते. देशासाठी एक विज्ञान अकादमी हवी, असं त्यांनी अध्यक्षीय भाषणात मांडलं. मग समिती बसली, मतभेद झाले, रामन बाहेर पडले आणि त्यांनी बेंगळुरूला आपली अकादमी उभी केली. काही महिन्यांनी कलकत्त्याची संस्था आली. तिच्या संस्थापक फेलोंमध्ये मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर होते. ते तेव्हा कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर २००५ ते २००७ या काळात याच इन्साचे अध्यक्ष होते.

एखाद्याच्या नावापुढची अक्षरं पाहून तो कोणत्या अकादमीचा फेलो ते कळतं: ‘एफ. एन. ए.’ असेल तर इन्सा, ‘एफ. ए. एससी.’ असेल तर बेंगळुरू, ‘एफ. एन. ए. एससी.’ असेल तर प्रयागराज. एकच माणूस तिन्हींचा फेलो असू शकतो, पण प्रत्येक ठिकाणची निवड स्वतंत्र होते. अभियांत्रिकी, कृषी आणि वैद्यक यांच्या राष्ट्रीय अकादम्या आणखी वेगळ्या. कृषी महाविद्यालयात असाल तर तुमची पहिली चौकशी कृषी विज्ञान अकादमीकडे व्हायला हवी.

आणखी एक घोटाळा शब्दाचा आहे. ‘समर फेलोशिप’ म्हणजे विद्यार्थ्याला दोन महिन्यांसाठी मिळणारी संधी आणि विद्यावेतन. ‘अकादमीची फेलोशिप’ म्हणजे आयुष्यभराच्या कामाचा सन्मान, सदस्यत्व. बायोडेटात ‘फेलो’ लिहिताना हा फरक ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्यानं दोन महिने बेंगळुरूला काम करून आल्यावर भोळेपणानं ‘अकादमीचा फेलो’ असं लिहिलं आणि मुलाखतीत त्याला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं.

२. अकादमी देते काय?

फेलो झालं की पगार सुरू होतो, घर मिळतं, असं आमच्याकडे अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. फेलोशिप म्हणजे समकक्ष वैज्ञानिकांनी ‘या कामानं आमच्या विषयात भर पडली’ असं म्हणणं. त्याबरोबर अकादमीच्या निर्णयांत मत मिळतं, नवीन नावं सुचवण्याचा अधिकार मिळतो. मला तर हा अधिकारच सगळ्यात मोलाचा वाटतो.

आधारही असतो. निवृत्त फेलोंना आपलं काम चालू ठेवता यावं म्हणून इन्सा ज्येष्ठ वैज्ञानिक आणि मानद वैज्ञानिक अशी पदं देत आली आहे. परदेशी अकादम्यांबरोबर वैज्ञानिकांची देवाणघेवाण होते. विज्ञानाच्या इतिहासावरच्या प्रकल्पांना इन्सा मदत करते आणि त्या विषयाचं तिचं नियतकालिक १९६६ पासून निघतं. जुन्या मराठी पंचांगांवर, वैद्यकाच्या मोडी कागदांवर, किल्ल्यांच्या पाणीव्यवस्थेवर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ही बाजू आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

सरकारी पुरस्कार ही वेगळी गोष्ट. २०२३ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले: विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम. २०२५ चा विज्ञान रत्न जयंत नारळीकरांना मरणोत्तर मिळाला. हे पुरस्कार सरकारचे. अकादमीचं फेलो असणं आणि हा पुरस्कार मिळणं यांची गल्लत करू नका.

३. विद्यार्थी असाल तर समर फेलोशिपपासून सुरुवात करा

तिन्ही अकादम्या मिळून ही योजना चालवतात आणि तिचं कामकाज बेंगळुरूहून होतं. निवड झाली तर सुट्टीत साधारण दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत, एखाद्या वैज्ञानिकाच्या हाताखाली काम करता येतं. विद्यावेतन मिळतं, प्रवासखर्च मिळतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि तो आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास निघतो. एप्रिलमध्ये जागी होणारी मुलं इथेच हुकतात. गणपती झाले की अकादमीचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा.

लागणारी कागदपत्रं:
– आतापर्यंतच्या सर्व परीक्षांच्या गुणपत्रिका, स्वच्छ स्कॅन केलेल्या (मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको)
– कॉलेजचं बोनाफाईड किंवा ओळखपत्र
– तुम्हाला प्रत्यक्ष शिकवलेल्या शिक्षकांचं शिफारसपत्र
– काय करायचं आहे याचं छोटं टिपण
– ज्यांच्याकडे काम करायला आवडेल अशा मार्गदर्शकांची नावं
– स्वतःच्या नावावरचं बँक खातं

यातली दोन कागदं निर्णायक आहेत. पहिलं शिफारसपत्र. आपल्याकडे ते प्राचार्यांकडून घ्यायची पद्धत पडली आहे, कारण त्यांचा शिक्का मोठा. पण प्राचार्यांनी तुम्हाला कधी प्रयोग करताना पाहिलेलं नसतं. ‘विद्यार्थी हुशार व शिस्तप्रिय आहे’ हे वाक्य हजार पत्रांत असतं. त्यापेक्षा प्रॅक्टिकलच्या मॅडमनी लिहिलेलं, ‘या मुलीनं स्टेन (रंग) नीट बसत नाही म्हणून तीन वेळा स्लाइड पुन्हा केली आणि मग पाण्याची आम्लता मोजून आणली,’ हे एक वाक्य खूप काही सांगतं. शिक्षकांना किमान पंधरा दिवस आधी विचारा, टिपणाची प्रत त्यांना द्या आणि शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी आठवण करा. पत्र वेळेत पोचलं नाही तर तुमचा भरलेला अर्ज अपुरा राहतो.

दुसरं टिपण. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं की मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे, मला देशासाठी संशोधन करायचं आहे. निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी लिहिलं की आमच्या शेताच्या वरच्या तुकड्यात हरभरा चांगला येतो, खालच्या तुकड्यात त्याच्या मुळांवर गाठी जवळजवळ धरतच नाहीत. पाणी तेच, बियाणं तेच, मग गाठी धरायला मीठ आडवं येतं का, आणि ते तपासायचं कसं, हे मला शिकायचं आहे. त्या वर्षी निवड झाली. तुमच्याकडे शेत नसेल तर वर्गात न सुटलेली एखादी शंका असेल, प्रॅक्टिकलमध्ये न जुळलेलं एखादं रीडिंग असेल. खरा प्रश्न लिहा. कुठून तरी उतरवलेलं टिपण तपासणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

मार्गदर्शक निवडताना सगळे एक-दोन नामांकित संस्थांचीच नावं टाकतात आणि गर्दी तिथे होते. इच्छुक मार्गदर्शकांची यादी उपलब्ध असते. ती विषयानुसार वाचा, दोन-चार जणांचे अलीकडचे शोधनिबंध चाळा आणि मगच नाव टाका. माझे मार्गदर्शक मी कधी नाव न ऐकलेल्या संस्थेत होते, आणि त्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास माझी वही तपासली.

निवडीचं पत्र आल्यावर लगेच करायच्या तीन गोष्टी आहेत. एक, मुदतीत होकार कळवा. दोन, मार्गदर्शकांना मेल करून आपल्या विद्यापीठाच्या परीक्षेच्या तारखा सांगा. महाराष्ट्रात परीक्षा मेअखेरपर्यंत, कधी जूनपर्यंत लांबतात. आधी सांगितलं तर बहुतेक जण तारखा पुढे घेतात, ऐन मे महिन्यात सांगितलं तर त्यांचीही अडचण होते. तीन, राहण्याची सोय विचारा. काही ठिकाणी वसतिगृहात खोली मिळते, काही ठिकाणी बाहेर बघावी लागते. मुलींच्या घरी नकार येतो तो बहुतेक वेळा याच मुद्द्यावर. माझ्या आईला मी वसतिगृहाचा पत्ता आणि वॉर्डनचा फोन नंबर दिला तेव्हा ती तयार झाली. पालकांशी बोलताना शिक्षकांनी सोबत बसावं. मी आता माझ्या विद्यार्थिनींच्या घरी जाते.

दोन महिने संपले की अहवाल द्यावा लागतो. पहिल्या दिवसापासून तारखेनिशी वही ठेवली तर तो दोन दिवसांत होतो.

४. शिक्षक असाल तर

समर फेलोशिप शिक्षकांसाठीही असते, हे आमच्या कॉलेजात दहा वर्षं कुणाला माहीत नव्हतं. अर्ज तसाच. त्याशिवाय अकादम्यांचे रिफ्रेशर कोर्स होतात, साधारण दोन आठवड्यांचे. म्हैसूरचे आर. श्रीनिवासन यांनी बसवलेला प्रायोगिक भौतिकशास्त्राचा कोर्स त्यात प्रसिद्ध आहे. तिथे शिक्षकांना स्वतःच्या हातानं प्रयोग करावे लागतात. ड्युटी लीव्हचा अर्ज निवडपत्राच्या प्रतीसह आधीच द्या आणि मंजुरी लेखी घ्या. तोंडी होकारावर गेलेल्या एका सहकाऱ्याची पंधरा दिवसांची रजा नंतर अर्जित रजेतून कापली गेली.

५. फेलोंना आपल्या कॉलेजात आणा

सगळ्यांनी वाचावी अशी पायरी हीच. अकादम्या महाविद्यालयांमध्ये दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान-कार्यशाळा भरवायला मदत करतात. एक फेलो निमंत्रक म्हणून असतात, ते विषय आणि वक्ते ठरवतात. कॉलेजातला एक शिक्षक समन्वयक असतो, बाकीची धावपळ त्याची. वक्त्यांच्या प्रवासाचा आणि ठरलेल्या बाबींचा खर्च अकादमीकडून मिळतो; सभागृह आणि स्थानिक व्यवस्था आपण बघायची.

आमच्या कार्यशाळेसाठी मी असं केलं: बेंगळुरूच्या अकादमीची फेलोंची यादी उघडली. ती सर्वांना खुली आहे, नाव, विषय आणि निवडीचं वर्ष यांसह. त्यातून सूक्ष्मजीवशास्त्र आणि वनस्पतिशास्त्रातले, पुण्या-मुंबईत असलेले नऊ जण निवडले. नऊही जणांना वेगवेगळी पत्रं लिहिली, प्रत्येकात त्यांच्या कोणत्या कामामुळे मी लिहिते आहे ते एका वाक्यात सांगितलं. चौघांनी उत्तर दिलं, एक यायला तयार झाले. एकाच मजकुराची मेल सगळ्यांना एकदम पाठवू नका. त्याला उत्तर येत नाही.

कार्यशाळेत आम्ही एक चूक केली आणि एक गोष्ट बरोबर केली. चूक अशी की उद्घाटनात शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची भाषणं यांत दोन तास गेले आणि पहिल्या वक्त्यांचं व्याख्यान चाळीस मिनिटांवर आलं. बरोबर गोष्ट अशी की जेवणाच्या सुट्टीत आम्ही निमंत्रक सरांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तिथे आमच्या सरांच्या शीतकपाटात तीनशेहून अधिक बुरशींच्या नळ्या होत्या, प्रत्येकीवर गाव, गट नंबर आणि मातीची क्षारता पेन्सिलीनं लिहिलेली. पाहुणे त्या कपाटासमोर पाऊण तास उभे होते. चहा गार झाला. दोन वर्षांनी सरांचं नामांकन झालं त्याची सुरुवात त्या कपाटापाशी झाली.

६. लिहायला लागा

बेंगळुरूच्या अकादमीचं ‘रेझोनन्स’ हे विज्ञानशिक्षणाचं मासिक जानेवारी १९९६ पासून निघतं. त्यात महाविद्यालयीन शिक्षकांचे लेख येतात आणि वर्गातल्या अनुभवांवर आधारलेल्या टिपणांचं एक सदर आहे. सुरुवातीला तिथे लिहून बघा. लेख तपासला जातो, सूचना येतात, दोनदा परत येतो. माझा पहिला लेख तीन वेळा परत आला आणि त्या सूचनांतून मी जितकं लिहायला शिकले तितकं पीएच.डी.तही शिकले नव्हते.

अकादम्यांची संशोधन नियतकालिकंही आहेत. बेंगळुरूच्या अकादमीचे जुने अंक मोफत वाचता येतात. ज्या कॉलेजच्या ग्रंथालयाला वर्गणी परवडत नाही, त्यांनी ही सोय वापरावीच.

७. वय कमी असेल तर

बेंगळुरूची अकादमी १९८३ पासून तरुण वैज्ञानिकांना ठराविक वर्षांसाठी ‘असोसिएट’ म्हणून निवडते. इन्सानं २०१४ साली तरुण वैज्ञानिकांची वेगळी राष्ट्रीय अकादमी सुरू केली, तिचं सदस्यत्व पाच वर्षांचं असतं आणि सदस्यसंख्या शंभरपुरती ठेवलेली आहे. वयाची अट कडक असते आणि ती कोणत्या तारखेला मोजतात हे त्या वर्षीच्या पत्रकात दिलेलं असतं. पत्रक वाचून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

८. फेलोचं नामांकन

आता सरांच्या फाइलकडे येते.

रीत अशी: विद्यमान फेलो नाव सुचवतात, दुसरे फेलो अनुमोदन देतात. नाव विषय समितीपुढे जातं. समिती त्या विषयातल्या सगळ्या नावांची तुलना करते, तज्ज्ञांची मतं घेते, शिफारस कौन्सिलकडे, म्हणजे अकादमीच्या कार्यकारी मंडळाकडे, जाते आणि शेवटी फेलोंच्या मतानं निवड होते. इन्सा आणि बेंगळुरूच्या अकादमीत नवे फेलो पुढच्या १ जानेवारीपासून मानले जातात. ज्याचं नाव आहे त्यानं या सगळ्यात काही करायचं नसतं, आणि करूही नये. समितीतल्या कुणाला फोन करणं, ओळखीतून निरोप धाडणं यानं नुकसानच होतं.

पण फाइल तयार करायला मदत लागते. प्रस्तावक फेलो व्यग्र असतात, त्यांना सगळं तपशीलवार माहीत नसतं. ही मदत सहकाऱ्यांनी, जुन्या विद्यार्थ्यांनी करायची. आम्ही जमवलेले कागद:

– दोन पानांचा बायोडेटा, जन्मतारीख आणि नेमणुका क्रमानं
– सर्व शोधनिबंधांची यादी, सगळ्या लेखकांची नावं छापील क्रमानं
– सर्वांत महत्त्वाचे दहा शोधनिबंध आणि त्यांच्या प्रती
– प्रत्येकात सरांचा स्वतःचा वाटा काय, हे एका ओळीत
– पीएच.डी. झालेल्या विद्यार्थ्यांची यादी
– कामाचा सारांश

यादी करायलाच चार महिने लागले. जुने रीप्रिंट घरच्या माळ्यावर, वाळवी लागलेल्या खोक्यात होते. दोन नियतकालिकं बंद पडलेली, त्यांचे अंक पुण्याच्या एका ग्रंथालयात मिळाले. म्हणून तरुण सहकाऱ्यांना सांगते, आपल्या प्रत्येक निबंधाची प्रत छापून आला त्या दिवशीच दोन ठिकाणी ठेवा.

सगळ्यात अवघड सारांश. मी लिहिलेला पहिला मसुदा असा सुरू होत होता: ‘सरांनी तीस वर्षं अध्यापन केलं, अनेक परिषदांना हजेरी लावली, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे अध्यक्ष म्हणून काम पाहिलं, त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला.’ प्रस्तावकांनी तो परत पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: “ते कोण आहेत हे कळलं. त्यांनी काय शोधलं?” मला ते लागलं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पदोन्नतीच्या अर्जात आपल्याला पदं, समित्या आणि गुण मोजायची सवय लागते, आणि मूळ शोध काय हे सांगायची सवय मोडते. समितीला हवं असतं ते असं: आधी विषयात काय ठाऊक होतं, या माणसानं नवीन काय दाखवलं, ते त्याचं स्वतःचं कसं, आणि त्यावरून पुढे कुणी काम केलं का.

मी सरांपुढे वही घेऊन बसले. तीन रविवार. विचारलं, “सर, तुम्ही नसतात तर जगाला काय कळलं नसतं?” सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मीठ वाढलं की मातीतल्या बुरशी मरतात असं समजत होते. मरत नाहीत. काही झोपतात. पावसानं मीठ धुतलं की आठ दिवसांत जाग्या होतात. कोणत्या, ते मी सांगू शकतो.” दुसऱ्या मसुद्याची सुरुवात मी याच वाक्यांनी केली.

फेलो शोधताना एक पथ्य पाळा. मोठं नाव बघू नका, काम ओळखणारा माणूस बघा. विषय जवळचा नसेल तर कितीही थोर फेलोंचं पत्र सर्वसाधारण होतं. सरांच्या निबंधांचा उल्लेख कुणी केला आहे ते आम्ही शोधलं आणि त्यातून अनुमोदक मिळाले. त्यांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचे तीन निबंध वाचले होते.

बायकांबद्दल वेगळं लिहावं लागेल. फेलोंच्या याद्या वाचताना त्यांची संख्या किती कमी आहे हे डोळ्यांत भरतं. पुण्यात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले तिन्ही अकादम्यांच्या फेलो होत्या आणि या प्रश्नावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. बेंगळुरूच्या अकादमीनं २००८ साली भारतीय वैज्ञानिक महिलांच्या आयुष्यांवरचा संग्रह काढला, त्याच्या त्या एक संपादक होत्या. तुमच्या विभागात काम करणाऱ्या मॅडम असतील तर त्यांचे कागद आजच जमवायला घ्या. त्या स्वतः कुणाला ‘माझं नाव सुचवा’ असं सांगायला जात नाहीत.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी वैज्ञानिकांसाठी वाट वेगळी आहे. इन्सा परदेशी फेलो निवडते, बेंगळुरूची अकादमी मानद फेलो. तिथेही नाव फेलोंनीच सुचवायचं असतं.

९. पैसे मागणाऱ्या ‘अकादम्यां’पासून दूर राहा

आम्ही माहिती शोधू लागल्यापासून सरांच्या मेलवर पत्रं येऊ लागली. ‘आपली आंतरराष्ट्रीय फेलो म्हणून निवड झाली आहे. प्रमाणपत्र, पदक व आजीव सदस्यत्वासाठी अमुक रक्कम भरा.’ सर एकदा भरायलाच निघाले होते. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: नाव कुणी सुचवलं ते सांगत नाहीत, सात दिवसांची मुदत देतात, निवडसमितीची नावं नसतात, प्रत्येक विषयातल्या माणसाला तेच पत्र जातं. शंका आली तर त्या संस्थेच्या फेलोंची यादी मागा आणि त्यातल्या कुणालाही विचारा. पदोन्नतीच्या फाइलला असलं प्रमाणपत्र जोडलं तर खऱ्या कामावरही संशय येतो.

१०. निवड झाली नाही तर

सरांची पहिल्या वर्षी झाली नाही. का झाली नाही याचं कारण कळवत नाहीत, विचारूही नका. नामांकन पुढची काही वर्षं विचारात राहतं आणि त्याला नवीन कामाची भर जोडता येते. म्हणून दरवर्षी फाइल उघडायची: नवे निबंध, नवे उल्लेख, सुधारलेला पत्ता.

आमची खरी चूक उशीर ही होती. साठीला आलेल्या माणसाची फाइल सुरू करण्यापेक्षा पंचेचाळिशीच्या सहकाऱ्याची सुरू करा. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे. आमच्याच विभागातल्या एका मॅडम गवतांच्या परागकणांवर काम करतात. त्यांच्या निबंधांच्या प्रती मी दोन ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.

सरांच्या फाइलला या वर्षी दोन निबंध जोडले. नळ्यांचं शीतकपाट आता नव्या खोलीत आहे. निवृत्तीनंतरही सर दर मंगळवारी येतात आणि एकेका नळीतली बुरशी नव्या माध्यमावर, म्हणजे ती वाढवायच्या ताज्या खाद्यावर, उतरवतात. पेन्सिलीनं लिहिलेली नावं पुसट होत चालली होती, ती विद्यार्थ्यांनी शाईनं पुन्हा लिहिली: गाव, गट नंबर, क्षारता.